गीझर नवा घेतला, तरी नळ चावतोच (चरईतला जुना फ्लॅट)

चरईच्या_बाई

नमस्कार. ठाण्यात चरईत आमचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. इमारत 1977 ची, तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही. घरात मी, नवरा आणि 79 वर्षांच्या सासूबाई. मी शाळेत गणित शिकवते. पायऱ्या गाळून उत्तर लिहायची सवय नाही, तेव्हा लांबण लागली तर सांभाळून घ्या.

सासूबाई दोन वर्षांपासून म्हणताहेत, "बाथरूमचा नळ चावतो गं." ओल्या हाताने गरम पाण्याचा नळ फिरवला की बोटांना झिणझिण्या. त्यांना मधुमेह आहे, म्हणून आम्ही सगळ्यांनी ते शुगरवर ढकललं. डॉक्टरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, त्या बिचाऱ्यांनी तीन महिने इमानाने घेतल्या. मग या जूनमध्ये कामाच्या मावशी बाथरूम घासता घासता किंचाळून बाहेर आल्या. मावशींना शुगर नाही! तेव्हा कुठे मी चपला काढल्या, ओल्या फरशीवर उभी राहिले आणि नळाला बोट लावलं. चावतो.

आजवर तीन इलेक्ट्रिशियन येऊन गेले. पहिल्याने गीझरची कॉइल बदलली. दुसरा म्हणाला गीझरच म्हातारा झालाय, म्हणून 15 लिटरचा नवा घेतला. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी परत तेच. तिसऱ्याने नळाला टेस्टर लावला, तो मिणमिण पेटला, तर म्हणे, "जुनी बिल्डिंग आहे मॅडम, एवढं चालतं." वर सासूबाईंकडे बघून विचारलं, "आजींना शुगर आहे का?"

वायरिंगचं म्हणाल तर 2016 साली घराचं काम काढलं होतं तेव्हा ते "नवीन" करून घेतलंय. पांढरे मॉड्युलर बोर्ड, किटकॅट फ्यूज काढून एमसीबीचा (करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या खटक्यांचा) डबा, त्यात आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पडणारा खटकासुद्धा. दिसायला सगळं झकपक. भिंती मात्र फारशा फोडल्या नव्हत्या, आणि तेव्हा मला त्याचं कौतुकच वाटलं होतं की धूळ झाली नाही.

शेवटी वही घातली. 11 दिवसांच्या नोंदी आहेत. गीझर चालू असताना 9 वेळा बघितलं, 6 वेळा चावला. गीझर बंद असताना 8 वेळा बघितलं, त्यातही 3 वेळा चावला. गणित इथेच अडतं. गीझर बंद असेल तर वीज येते कुठून? (बेडरूमची ट्यूबलाइट इस्त्री लावली की मान टाकते, पण ते जुनंच दुखणं आहे, त्याचा याच्याशी संबंध नसावा.)

घोडबंदरचा_वारा

ताई, सरळ गॅस गीझर घ्या. विजेचं लफडंच नको.

चरईच्या_बाई

आमच्या बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते आणि तीही वितभर. तिथे गॅस गीझर लावून कोंडलेल्या धुरात सासूबाईंना अंघोळीला पाठवणार नाही. शिवाय नळात वीज आहे, ती कुठून येते ते न कळता गीझर काढला तर ती दुसरीकडून निघेल.

जुना_वायरमन

बाई, तुम्ही शिकवता म्हणून बाईच म्हणतो. मी 34 वर्षं वायरमन होतो, आता नेरूळला नातू सांभाळतो. आधी रागावून घेतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून नळाला बोट लावायचं हे कुठल्या पुस्तकात आहे? परत करू नका. आत्ताच्या आत्ता, मेन स्विच पाडून, गीझरची पिन सॉकेटमधून ओढून बाहेर काढा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही. चार दिवस पातेल्यात पाणी तापवा. बादलीत रॉड टाकायचा तर विचारही नको.

आता तुमच्या कंसातल्या ट्यूबलाइटबद्दल. तुम्ही म्हणता संबंध नसावा. माझ्या मते सगळा संबंध तिथेच आहे. वहीत गीझरची नोंद आहे, इस्त्रीची नाही. ज्या तीन वेळा गीझर बंद असून नळ चावला, तेव्हा घरात इस्त्री चालू होती का, एवढं आठवून सांगा.

चरईच्या_बाई

पिन काढली. काढायला जोर लावावा लागला, सॉकेटचं एक भोक तपकिरी झालंय.

इस्त्रीचं आठवायची गरज पडली नाही. तीनपैकी दोन नोंदी सकाळी सव्वासातच्या आहेत, आणि आमच्याकडे सव्वासातला रोज नवऱ्याचा शर्ट इस्त्रीखाली असतो. तिसरी रविवारी दुपारी चारची. त्या दिवशी मी साड्यांना इस्त्री करत होते. अंगावर काटा आला. पण इस्त्री बेडरूममध्ये, नळ बाथरूममध्ये. हे कसं?

जुना_वायरमन

सांगतो. घर न उघडता बोलतोय, त्यामुळे अंदाज समजा, पण असली घरं मी खूप बघितली आहेत.

गीझरचं बटण बंद केलं की तुटते फक्त फेज, म्हणजे वीज घेऊन येणारी वायर. न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, जोडलेलंच राहतं, आणि सॉकेटमधल्या वरच्या मोठ्या भोकाचा, म्हणजे गळलेली वीज जमिनीत नेणाऱ्या अर्थचा, बटणाशी काही संबंध नसतो. जुन्या घरात त्या भोकापर्यंत अर्थची वायर बहुतेक वेळा पोचलेलीच नसते. मग गिऱ्हाईक कुरकुर करू नये म्हणून कारागीर सॉकेटच्या मागे न्यूट्रलमधून बोटभर तुकडा काढून अर्थच्या पिनेला देतो. टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये धरला की लख्ख पेटतो, गिऱ्हाईक खूश, पैसे घेऊन मोकळा. पण त्या क्षणापासून गीझरचं पत्र्याचं अंग आणि त्याला जोडलेला लोखंडी पाइप हे तुमच्या घराच्या न्यूट्रलचाच भाग झाले.

न्यूट्रल ठणठणीत आहे तोवर काही कळत नाही. आता समजा बेडरूम आणि बाथरूम यांचं न्यूट्रल एकच आहे आणि वाटेत कुठे तरी सांधा ढिला झालाय. इस्त्री 1000 वॅटची असेल तर 230 व्होल्टला सव्वाचार अँपिअरच्या वर घेते. हिशेबाला 4 धरा. सांध्याचा विरोध 5 ओहम धरा. 4 गुणिले 5, म्हणजे 20 व्होल्ट. इस्त्री तापतेय तिकडे, आणि 20 व्होल्ट येऊन बसले नळावर. ट्यूबलाइट मान टाकते तीही त्याच 20 व्होल्टपायी.

आता पुढची पायरी, ती गाळू नका. त्या सांध्यात उष्णता किती? 4 गुणिले 4 गुणिले 5, म्हणजे 80 वॅट. 25 वॅटचे तीन सोल्डरिंग आयर्न भिंतीतल्या डबीत पेटते ठेवून तुम्ही शर्टाला इस्त्री करताय. आणि तो सांधा एक दिवस पुरता सुटला, तर इस्त्रीच्या किंवा गीझरच्या कॉइलमधून वाट काढून नळावर 20 नाही, सगळेच्या सगळे 230 येतील. एमसीबी तेव्हा ढिम्म हलणार नाही. वायरमधून जास्त करंट गेला तर पाडणं एवढंच त्याचं काम. माणसाचा जीव जायला लागतो तो करंट त्याच्या हिशेबी चिल्लर असतो.

त्यासाठी असतो आरसीसीबी. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांची तो वजाबाकी करत बसतो आणि 30 मिलिअँपिअरच्या फरकाला तोडतो. तुमच्याकडे आहे म्हणता. त्याच्यावर टी लिहिलेलं छोटं बटण असतं. कोरड्या हाताने, पायात रबरी चप्पल घालून ते दाबा आणि काय होतं ते सांगा. पंखे-दिवे चालू ठेवून दाबा.

चरईच्या_बाई

दाबलं. खटका पडला. पंखा फिरतच राहिला!

जुना_वायरमन

याचा अर्थ तो शोभेला बसवलाय. त्याला वरून सप्लाय दिलाय, पण घराची वायर त्याच्यातून न नेता बाहेरच्या बाहेर वळवली आहे. आता कुणालाही बोलावू नका. परवानाधारक विद्युत ठेकेदार बोलवा, कामानंतर सही-शिक्क्याचा टेस्ट रिपोर्ट देईल असा. येईल तेव्हा मेगर घेऊन ये म्हणावं. मेगर म्हणजे 500 व्होल्ट सोडून वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र. फेज आणि अर्थमध्ये एक मेगाओहमच्या खाली आकडा आला तर ती वायर ठेवायची नाही. हे यंत्र न आणता नुसता टेस्टर घेऊन येणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

पाचपाखाडी_सचिव

आमच्या सोसायटीत मी सचिवपदाची हमाली करतो. आमच्याकडे असाच प्रकार झाला होता, म्हणून एक विचारतो. तुमच्या इमारतीत डक्टमधले उभे पाइप कधी बदलले का? आणि कंपाउंडमध्ये पेव्हर ब्लॉक कधी बसवले?

चरईच्या_बाई

पाइप 2023 च्या उन्हाळ्यात बदलले, गंजलेले जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) काढून प्लास्टिकचे टाकले. पेव्हर ब्लॉक त्याच्या आधी, वर्ष आठवत नाही. थांबा. 2023 चा उन्हाळा म्हणजे सासूबाई "चावतो" म्हणायला लागल्या त्याच्या जेमतेम आधी.

पाचपाखाडी_सचिव

तेच म्हणत होतो. जुन्या इमारतींत पाण्याचे लोखंडी पाइप तळमजल्यावरून थेट जमिनीत गेलेले असत, त्यामुळे कुणाला कळो न कळो, अख्ख्या इमारतीचं अर्थिंग तेच पाइप करत होते. काही ठिकाणी तर वायरमननी अर्थची वायर उघड उघड पाइपला गुंडाळलेली असायची. उभे पाइप प्लास्टिकचे झाले की ती वाट बंद होते. तुमच्या बाथरूमच्या भिंतीतला तुकडा अजून जीआयचा असेल तर तो आता गीझरला लटकलेला आणि जमिनीपासून तुटलेला. पूर्वी त्या पाइपातून गुपचूप जमिनीत जाणारा करंट आता सासूबाईंच्या बोटातून जातोय.

पेव्हर ब्लॉकचं यासाठी विचारलं की आमच्या मीटर रूमच्या बाहेरचा अर्थिंगचा खड्डा, म्हणजे जिथे अर्थची पट्टी ओल्या मातीत पुरलेली असते तो, ब्लॉकखाली गाडला गेला होता. तीन वर्षं कुणी त्यात पाणी घातलं नव्हतं. पट्टी उकरली तर गंजून बोटाने मोडली. आणि हो, कमिटी "ज्याचं त्याने बघावं" म्हणाली तर आदर्श उपविधी, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांची नियमावली दाखवा. फ्लॅटच्या मेन स्विचपर्यंतची विजेची लाइन सोसायटीच्या खर्चाच्या यादीत आहे. मेन स्विचच्या आतलं तुमचं तुम्ही.

वाशी_जुनं_घर

आम्ही वाशीला सिडकोच्या जुन्या घरात राहतो. दोन वर्षांपूर्वी अख्खं वायरिंग काढून नवीन केलं, त्यातलं थोडं सांगते.

भिंतीतले पाइप मोकळे असतील तर जुन्या वायरच्या शेपटीला नवी बांधून ओढून घेता येते, भिंत फोडावी लागत नाही. आमच्याकडे अर्ध्याच पाइपांतून वायर सरकली. गच्चीच्या गळतीचं पाणी वर्षानुवर्षं पाइपात उतरून आत गंजाचा चिखल झाला होता. तिथे भिंत खोदून झिरी मारावीच लागली. सहा दिवस धूळ, आणि डाळीच्या डब्यात सिमेंट कसं पोचलं ते मला आजही कळलेलं नाही.

दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटर, मोठ्या सॉकेटना अडीच, एसी आणि गीझरला चार, हे कागदावर लिहून घ्या. प्रत्येक सर्किटला स्वतःचं न्यूट्रल हवं, हेही लिहा. याच्यावरून आमचा कारागीर दोनदा रुसला, कारण वायर जास्त लागते. प्लास्टर करण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी लावून फोटो काढा. आम्ही काढले नाहीत, आणि पुढच्याच महिन्यात देव्हाऱ्यासाठी खिळा ठोकताना स्वयंपाकघराची फेज बरोबर सापडली.

चरईच्या_बाई

पाच आठवड्यांनी येतेय. मधे गणपती होते.

जुना_वायरमन यांचा अंदाज सोळा आणे खरा निघाला. ठेकेदाराबरोबर आलेल्या मुलाने गीझरचा सॉकेट उघडला, तर मागे लाल वायरचा बोटभर तुकडा, न्यूट्रलमधून अर्थच्या पिनेला. अगदी नीट, प्रेमाने वळवून बसवलेला. अर्थची वायर त्या डबीत आलेलीच नव्हती.

ढिला सांधा शोधायला दोन तास लागले. बाथरूमच्या दारावर, माळ्याच्या फळीमागे एक गोल डबी होती, 2016 च्या रंगाखाली पार बुजलेली. झाकण पेचकसाने उचकटलं तेव्हा आधी बाहेर आली सुपारीची रिकामी पुडी, घडी घालून बसवलेली. तिच्यामागे सांधा. एका बाजूने 1977 ची ॲल्युमिनियमची वायर, दुसऱ्या बाजूने 2016 ची तांब्याची, दोन्ही हाताने पिळून वर टेप. टेप होती म्हणायचं, हात लावल्यावर तिचा भुगा झाला. ॲल्युमिनियमवर राखेसारखी पांढरट पूड. वायरचं आवरण भाजलेल्या पापडासारखं, वाकवलं की कट्कन तुटायचं. तो मुलगा म्हणाला, हे दोन धातू असे नुसते पिळून ठेवले की तापताना-निवताना वेगवेगळे फुगतात-आटतात, ॲल्युमिनियमवर गंजाचा थर चढतो, आणि पिळा आपोआप सैल होत जातो. म्हणजे 2016 ला आमच्याकडे बदलले ते बोर्ड. बोर्डापासून वीतभर नवी वायर, पुढे भिंतीत सगळं सासऱ्यांच्या वेळचं. धूळ झाली नाही याचं मला कौतुक वाटलं होतं ना!

आरसीसीबीचं कोडं मात्र माझं मीच सोडवलं आणि त्याचा मला जरा अभिमान आहे. 2016 मध्ये उभे पाइप लोखंडाचे होते. तेव्हाच्या कारागिराने सॉकेटमागे तो तुकडा जोडल्यावर न्यूट्रलचा थोडा करंट पाइपातून जमिनीत पळायला लागला असणार. आरसीसीबीच्या वजाबाकीत तो फरक दिसला, म्हणून तो सारखा पडायचा. मला आठवतंय, तेव्हा तो कारागीर म्हणाला होता, "मॅडम, हा पीस डिफेक्टिव्ह आहे, मी ॲडजस्ट करतो." पीस बरोबर होता. तो एकटाच खरं बोलत होता आणि त्यालाच बाजूला काढला.

त्या कारागिराला फोन केला. "तेव्हा सगळं चेक करून दिलं होतं," एवढं बोलून त्याने ठेवला. बिल मागायला गेले असते, तर बिल म्हणजे पेन्सिलने आकडे लिहिलेला कोरा कागद, तोही आता नाही. मंजूर भार, म्हणजे आमच्या कनेक्शनला किती वीज ओढायची परवानगी आहे तो आकडा, वाढवायचंही त्या वेळी कुणाला सुचलं नव्हतं. तो वीजबिलावर छापलेला असतो, पण आजवर मी कधी वाचलाच नव्हता, आणि घरात एसी येऊन चार वर्षं झाली. त्याचा अर्ज आता टेस्ट रिपोर्टसोबत केलाय.

अख्खं घर एकदम काढलं नाही. सासूबाईंना घेऊन कुठे जाणार? बाथरूम, स्वयंपाकघर आणि एसी यांच्या लाइनी डब्यापासून नव्या ओढल्या, प्रत्येकीला वेगळं न्यूट्रल, वेगळी हिरवी वायर. बेडरूमची लाइनही त्या डबीपासून तोडून नवी केली. बाथरूमच्या भिंतीतला जीआयचा तुकडाही काढून टाकला. हॉल दिवाळीनंतर. एकूण 41,500 झाले, प्लंबर धरून. मोजपट्टीचे फोटो काढलेत, वाशीच्या ताईंचे आभार.

सोसायटीने दोन मीटिंगा घेतल्या. पहिलीत तळमजल्यावरचे काका म्हणाले, "आमचा नळ नाही चावत." तळमजल्यावर कसा चावेल, त्यांची तोटी अजून जमिनीतल्या जुन्या लोखंडी पाइपावर आहे. दुसरीत उपविधी वाचून दाखवले. खड्डा पेव्हर ब्लॉकखालीच सापडला, स्कूटरच्या पार्किंगमध्ये. नवीन अर्थिंग करून मीटर रूमपासून प्रत्येक मजल्यावर पट्टी आणली आहे.

जुना_वायरमन

छान झालं, बाई. दोन गोष्टी. हॉलची जुनी लाइन आहे तोवर तिथे हीटर, इस्त्री काही लावू नका. आणि टी बटण महिन्यातून एकदा दाबत चला, न वापरता पडून राहिलं तर आतली यंत्रणा जाम होऊ शकते. या वेळी पंखा थांबला का?

चरईच्या_बाई

थांबला. पंखाही आणि सासूबाईंची मालिकाही, त्यावरून बोलणी खाल्ली. दर महिन्याच्या 1 तारखेला दाबायचं ठरवलंय. त्या दिवशी दूधवाल्याचा हिशेब असतो, म्हणजे विसरणार नाही.

नळ आता चावत नाही. सासूबाई मात्र अजूनही आधी हाताची मागची बाजू लावून बघतात, मगच फिरवतात. आणि व्हिटॅमिनच्या गोळ्यांचे पैसे कोण देणार, असं रोज विचारतात.